उशिरा जागा होणारा संगणक



भुसावळ–खांडवा लोहमार्गावर, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरच्या परिसरात चांदनी नावाचे एक लहानसे गाव आहे. नेपानगर म्हणजे जेथील गिरणीत १९५५ साली वृत्तपत्री कागद तयार होऊ लागला, तेच. चांदनीस माझा एक मावसभाऊ राहतो. लोकांचे अर्ज भरून देणे, दाखले काढून देणे, यावर त्याचा चरितार्थ चालतो. गेल्या खेपेस मी त्याच्याकडे उतरलो, तेव्हा सकाळी दुकानाच्या पायरीवर पाच-सहा माणसे खोळंबलेली दिसली आणि आत संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचे एक वर्तुळ फिरत होते. मजुरी बुडवून आलेली एक बाई पुनःपुन्हा घड्याळाकडे पाहत होती.

"दादा, पूर्वी मिनिटभरात सुरू व्हायचा. हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घातलं आणि सात मिनिटं लागायला लागली. दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन म्हातारं झालं, नवं घ्या."

नव्या यंत्रासाठी तो उधारी करण्याच्या बेतात होता. मी त्यास म्हटले, दोन दिवस थांब.

संगणकाचे बटण दाबल्यावर जे घडते ते टप्प्याटप्प्याने घडते. प्रथम यंत्र स्वतःचीच तपासणी करते. नंतर विंडोज ही मूळ प्रणाली डिस्कवरून स्मृतीत उतरते. मग छपाईयंत्र, ध्वनी इत्यादींना हाताळणारे ड्रायव्हर आणि पडद्याआड राबणाऱ्या सेवा जाग्या होतात. अखेरीस आपण परवलीचा शब्द दिला, की आणखी काही आज्ञावली आपण न बोलावताच उठून बसतात. पुष्कळशी सॉफ्टवेअरे संगणकात शिरताना या शेवटच्या यादीत आपले नाव गुपचूप घालून ठेवतात. त्यांचे प्रत्यक्ष काम दुपारी असेल, पण हजेरी मात्र पहाटेची!

आता लहान स्थानकावरील एकुलती एक तिकीट-खिडकी डोळ्यांपुढे आणा. गाडी सुटण्याच्या वेळी सारे गाव एकदम तेथे लोटले, तर तिकीटबाबू कितीही चपळ असला तरी प्रत्येकास विलंब होणारच. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कची स्थिती नेमकी अशीच असते. मिनिटास ७२०० फेरे म्हणजे सेकंदास १२० फेरे घेणारी ती चकती. तिच्यावरील वाचनशलाकेला दर वेळी निराळ्या जागी सरकावे लागते, म्हणून विखुरलेली माहिती ती सेकंदास सुमारे शंभर वेळाच उचलू शकते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हेच काम हजारो वेळा होते. यादीत चार नावे वाढली तर एसएसडीच्या धन्यास त्याचा पत्ताही लागत नाही. हार्ड डिस्कवाल्याची सकाळ मात्र वाया जाते.

यंत्रास दोष देण्यापूर्वी घड्याळ हाती घ्यावे आणि वेळ नेमका कोठे जातो ते पाहावे. विंडोजचे चिन्ह उमटण्याआधीच खोळंबा असेल, तर शंका यंत्राच्या अंगाची. चिन्ह उमटल्यावर, परंतु परवलीचा शब्द मागण्यापूर्वी तो असेल, तर ड्रायव्हर व सेवा यांची. आणि मुख्य पडदा दिसूनही काही उघडत नसेल, तर त्या आगंतुक आज्ञावलींची. येथे एक गोम आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यास बहुधा प्रणालीचा गाभा पूर्ण विसर्जित होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. म्हणून परीक्षेसाठी 'रीस्टार्ट'च करावे. पुष्कळजण येथेच फसतात.

आमच्या मापनात चार मिनिटांहून अधिक वेळ मुख्य पडद्यानंतरचा निघाला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'स्टार्टअप' विभागात प्रत्येक नावापुढे त्याचा भार लिहिलेला असतो. सुरुवातीस प्रोसेसरचा एक सेकंदाहून किंवा डिस्कचा तीन मेगाबाइटहून अधिक वापर करणाऱ्यापुढे 'हाय' असा शेरा पडतो. आमच्या यादीत असे तिघे होते: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सुधारणा-शोधक, छपाईयंत्राचा पहारेकरी आणि त्या सॉफ्टवेअरच्या सोबत न मागता आलेले दुसरे अँटीव्हायरस. पहिले अँटीव्हायरस होतेच. दोघेही प्रत्येक फाइल तपासू लागले, की एकाच सामानाची जकात दोन नाक्यांवर भरावी लागते.

पहिल्या दोघांस 'डिसेबल' केले. तसे केल्याने सॉफ्टवेअर पुसले जात नाही. ते हाक मारल्यावरच उठते, एवढेच. दुसरे अँटीव्हायरस मात्र रीतसर काढून टाकले, आणि एकच राहू दिले. ध्वनी वा टचपॅड यांच्या नोंदींना हात लावला नाही. अनोळखी नाव दिसले म्हणजे ते उपटलेच पाहिजे असे नाही. प्रत्येक बदलानंतर एकदा रीस्टार्ट आणि वहीत वेळेची नोंद, हा नियम आम्ही पाळला. भावास हे फार कंटाळवाणे वाटले. पण तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर नेमका अपराधी कोण हे कधीच कळले नसते.

सात मिनिटांची अडीच मिनिटे झाली. हिशेबाचे सॉफ्टवेअर पूर्वीसारखेच चालत होते. उरलेला विलंब मात्र हार्ड डिस्कचा होता. त्या बाबतीत दुरुस्तीवाल्याचे म्हणणे अर्धे खरे ठरले. नव्या संगणकाची उधारी रद्द झाली. जुनी कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घेऊन भावाने बुऱ्हाणपुरास जाऊन एसएसडी तेवढी बसवून आणली. आता दुकानाचे कुलूप काढून उदबत्ती लावेपर्यंत संगणक तयार असतो, असे त्याने परवा कळविले आहे. वेळ टिपण्याची ती वही त्याने टाकली नाही. नवे काही बसविले, की त्यात तारीख पडते.