‘छोटी सी बात’ : बुजऱ्या नायकाचे टिकून राहिलेले आकर्षण

१९७५ साली ‘दीवार’ आणि ‘शोले’ या चित्रपटांनी हिंदी पडद्यावर सूडाने पेटलेल्या नायकाची प्रतिष्ठापना केली. लगेच १९७६ मध्ये बासू चॅटर्जी यांचा ‘छोटी सी बात’ प्रदर्शित झाला. त्याचा नायक अरुण (अमोल पालेकर) हा मुंबईच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रभेशी (विद्या सिन्हा) चार शब्दही धड बोलू न शकणारा नोकरदार आहे. हा चित्रपट आजही आवडीने पाहिला जातो. त्याचे कारण केवळ स्मरणरंजनात शोधणे अपुरे ठरेल.

कथेचा सांगाडा ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ (१९६०) या ब्रिटिश चित्रपटाचा आहे. तथापि रूपांतर करताना दिग्दर्शकाने वर्ग बदलला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटाचे खरे बळ येथेच आहे. मूळ नायकाच्या गळ्यात निकामी मोटारगाडी मारली जाते, तर अरुणच्या गळ्यात मोटारसायकल. टेनिसच्या मैदानाची जागा टेबल टेनिसने घेतली आहे. प्रतिस्पर्धी नागेशचे (असरानी) वैभव म्हणजे एक स्कूटर! बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला मात्र ती स्कूटर दुर्लंघ्य वाटते. जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले. चित्रपटात मात्र तेथे बसलेला अरुण आजही तितकाच अवघडलेला दिसतो. खाद्यपदार्थ मागविताना होणारी फजिती ही वस्तुतः वर्गीय न्यूनगंडाची फजिती होय, आणि तो गंड अद्याप सरलेला नाही.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. अरुण दररोज प्रभेचा कचेरीपर्यंत पाठलाग करतो. वर्गात हा चित्रपट दाखविल्यास विद्यार्थिनी याविषयी प्रश्न विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. प्रभेला हे ठाऊक असते व तिला त्याची गंमत वाटते, हे चित्रपटाचे उत्तर. परंतु ती गंमत पटकथाकाराने तिला बहाल केली आहे, हे नाकारता येत नाही. अरुणचा भित्रेपणा त्या पाठलागाला निरुपद्रवी करतो, समर्थनीय नव्हे.

खंडाळ्याच्या कर्नलकडून (अशोक कुमार) धीटपणाचे धडे घेऊन अरुण परततो आणि नागेशला त्याच्याच डावांनी नामोहरम करतो. येथे खलनायकाला शासन करण्याचा प्रघात चित्रपटाने पाळलेला नाही. हरलेला नागेशही अखेरीस त्याच कर्नलच्या दारात शिष्य म्हणून उभा राहतो.