अब्बांच्या संगणकातली अमानत

अब्बांचा इंतकाल होऊन 4 वर्षे झाली. कासुर्डीच्या घरात त्यांच्या खोलीतला संगणक आम्ही चादर घालून तसाच ठेवला होता. विंडोज एक्सपी, 40 जीबीची हार्डडिस्क, सीडीचा ट्रे हाताने ओढावा लागतो. मुले त्याला 'म्युझियम' म्हणतात. पण अब्बांचे सगळे लिखाण त्यातच होते. खानदानाचा शजरा, देण्याघेण्याच्या नोंदी, माझ्या वर्गासाठी दरवर्षी काढून दिलेल्या उर्दूच्या प्रश्नपत्रिका.

मागच्या पावसाळ्यात तो चालू केला तर हार्डडिस्कमधून टिकटिक आवाज यायला लागला आणि 'सी ड्राइव्हमध्ये जागा नाही' असा संदेश दिसू लागला. बाजारातल्या एका दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून नव्याने पार्टिशन करून देतो, डी ड्राइव्हमधलं काही जाणार नाही." मी हो म्हणणारच होते. मग आठवले, अब्बा सगळ्या फायली डेस्कटॉपवर ठेवायचे.

इथे बरेच जण फसतात. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स डोळ्यांना वेगळे दिसतात, पण एक्सपीत ते सी ड्राइव्हमध्येच, 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये असतात. सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत, एकाच डिस्कचे दोन भाग. एका खोलीत मधे भिंत घालावी तसे. सी फॉरमॅट झाला असता तर डेस्कटॉपही गेला असता. संगणक परत घरी आणला.

नुसत्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन भागले नसते. अब्बा जुन्या इनपेजमध्ये लिहायचे. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक हा संगणकीय टाइप तयार झाला आणि पुढे इनपेजमुळे तो घराघरांत पोहोचला. पण जुन्या इनपेजची फाइल युनिकोडमध्ये नसते, ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की नुसता कचरा दिसतो. जुन्या मराठी फॉन्टमधल्या कागदपत्रांचीही हीच गत. म्हणून फायलींबरोबर त्या उघडणारा प्रोग्रॅम, फॉन्ट आणि विंडोज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत घ्यायची. तिला इमेज म्हणतात.

हे काम मी क्लोनझिलाने केले. तैवानमध्ये तयार झालेला हा मोफत प्रोग्रॅम आहे. जुना संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही, म्हणून भावाच्या लॅपटॉपवर त्याची 32 बिटची सीडी बनवली आणि संगणक तिच्यावरून सुरू केला. बाहेरची हार्डडिस्क जोडली. आता खरी काळजी. इथे सी, डी अशी नावे दिसत नाहीत, 'एसडीए', 'एसडीबी' असे काहीतरी दिसते. कुठून कुठे हे उलटे झाले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे संपते. मी डिस्क आकारावरून ओळखली, 40 जीबीची ती अब्बांची. 'सेव्हडिस्क' हा पर्याय निवडला. पहिल्या वेळी काम मधेच थांबले, डिस्कचा काही भाग खराब होता. एक्स्पर्ट मोडमध्ये 'रेस्क्यू' हा पर्याय लावून पुन्हा सुरू केले. असर पढून बसले होते, इशाच्या आधी इमेज तयार झाली.

त्याच आठवड्यात सीड्या काढल्या. बहिणीच्या निकाहच्या दोन सीड्यांत अब्बांचा आवाज आहे. एक्सपीत सीडीची इमेज काढायची सोय नाही, त्यासाठी इमगबर्न हा मोफत प्रोग्रॅम टाकला. साध्या डेटा सीडीची 'आयएसओ' फाइल बनते, गाण्यांच्या किंवा व्हिडिओ सीडीची 'बिन' आणि 'क्यू' अशी जोडी. ही जोडी एकत्रच ठेवावी. डीव्हीडीची इमेज 4 जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट32 पेनड्राइव्हवर मावत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असला तरी. आणि सीडी पुसताना गोल फिरवून पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. एक सीडी पूर्ण उतरली. दुसरीचा शेवट, जिथे अब्बा दुआ करतात, तिथे वाचलाच गेला नाही. भावाच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली तर उतरली. एका ड्राइव्हने हार मानली म्हणून सीडी फेकू नये.

प्रत हातात आल्यावर मगच पार्टिशनला हात लावला, तोही टिकटिक करणाऱ्या डिस्कवर नाही. जुनी पण धडधाकट एक डिस्क मिळाली, तिच्यावर इमेज उतरवली. एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन बनवता आणि पुसता येते, लहान करता येत नाही. ती सोय व्हिस्टापासून आली. म्हणून जीपार्टेडची सीडी वापरली. डी ड्राइव्ह 'एक्स्टेंडेड' नावाच्या चौकटीत असतो. आधी डी डावीकडून लहान करायचा, मग ती चौकट, मग सी वाढवायचा. हा क्रम चुकला तर सी वाढतच नाही. यात डी मधला सगळा डेटा सरकवला जातो, तास-दोन तास लागतात आणि मधे वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून दुपारी न करता पहाटे फजरनंतर बसले आणि यूपीएस शेजाऱ्यांकडून आणला. पुढे एक्सपी सुरू होताना स्वतःच डिस्क तपासते, ते थांबवू नये.

एक्सपीला सुरक्षेचे अपडेट 8 एप्रिल 2014 पासून बंद आहेत. म्हणून त्या संगणकाला इंटरनेट जोडलेले नाही. इमेज एक माझ्याकडे, एक भावाकडे सोलापूरला. हजरत उस्मान (रजि.) यांनी कुरआनच्या प्रती करवून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या होत्या. तुलना नाही करत, पण एकच प्रत एकाच छताखाली ठेवू नये हे आपल्या घरात कुणाला नवे नाही.

इनपेज उघडले तेव्हा शजऱ्याआधी मी देण्याघेण्याची फाइल पाहिली. मय्यताचे कर्ज फिटल्याशिवाय वारसांची वाटणी होत नाही, आणि आमची वाटणी तर होऊन गेली होती. बाकी सगळ्या ओळींसमोर 'अदा' लिहिलेले होते. एका ओळीसमोर नव्हते. छपराच्या पत्र्यांसाठी शेजारच्या चाचांकडून घेतलेले 8,000 रुपये. आम्हा भावंडांना याची कल्पनाच नव्हती. जुम्याच्या नमाजनंतर भाऊ पैसे घेऊन गेला, तर चाचांनाही ते आठवत नव्हते. त्यांनी घ्यायला नकार दिला. मग मी मोबाइलवर अब्बांची ती ओळ दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि पैसे ठेवून घेतले.