पियानोची जन्मनोंद व जुन्या वाद्याची पारख

पियानोचा काल ठरविण्याचें मुख्य साधन म्हणजे एक दप्तरी याद होय. फ्लॉरेन्स येथील मेदिची घराण्याच्या वाद्यांची इ. स. १७०० ची याद उपलब्ध असून, तींत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी ह्या कारागिराच्या, मंद व मोठा असे दोन्ही नाद देणाऱ्या नव्या वाद्याची नोंद आहे. पूर्वीच्या हार्पसिकॉर्डांत पिसाच्या टोंकानें तार छेडली जाई. पट्टी कशीही दाबली तरी नाद जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीनें तारेवर हातोडीचा आघात योजिला, व आघात होतांच ती मागें सरेल अशी युक्ति केली. इटालियन भाषेंत पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे मोठ्यानें. भीमसेनाचा भीम व्हावा तसें पियानोफोर्तेचें उत्तरपद लोपलें.

त्याचे तीनच पियानो शिल्लक आहेत : १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला व १७२६ चा लाइपझिगला. पहिला सर्वांत जुना खरा. परंतु त्याचे पुष्कळ भाग मागाहून बदललेले असल्यामुळें मूळ रचनेसाठीं आम्ही लाइपझिगची प्रतच प्रमाण मानूं.

घरासाठीं जुना पियानो घेणारानेंही हीच दृष्टि ठेवावी. पाटीवरील नांव हें पोथीच्या पुष्पिकेसारखें. आंतील पानें पाहिल्यावांचून त्यावर विसंबूं नये. झांकण उघडून क्रमांक पाहावा. नामांकित कारखान्यांच्या क्रमांकावरून बहुधा निर्मितीचें वर्ष निघतें. तारांच्या खुंट्या ज्या फळींत ठोकलेल्या असतात ती फुटून खुंट्या सैल झाल्या असतील, तर लावलेले सूर टिकत नाहींत. असें वाद्य फुकट मिळालें तरी घेऊं नये. हातोड्यांच्या नमद्यास मात्र चरे पडलेले दिसल्यास भिण्याचें कारण नाहीं. तो नवा बसवितां येतो.