पाटील: पद गेलं, आडनाव राहिलं

रबाळ्याच्या गावठाणात ‘पाटलांचं घर कुठं?’ असं विचारलं, की उलट प्रश्न येतो, ‘कुठले पाटील?’ ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या आगरी-कोळी वस्तीच्या गावांत पाटील, म्हात्रे, मढवी, भोईर ही आडनावं जागोजागी भेटतात. यांतली दोन आडनावं, म्हात्रे आणि पाटील, गावच्या जुन्या कारभारातून आली आहेत. जुन्या ताम्रपटांत गावातल्या वजनदार ज्येष्ठांना ‘महत्तर’ म्हटलेलं आहे. म्हात्रे या आडनावाचा संबंध त्याच शब्दाशी जोडला जातो. आणि पाटील म्हणजे तर गावचा प्रमुखच.

हजार वर्षांपूर्वी माळव्याच्या परमार राजांनी दिलेल्या दानपत्रांत राजा गावच्या रहिवाशांना आणि ‘पट्टकिला’ला उद्देशून आज्ञा करतो. हाच पट्टकिल पुढे पाटील झाला. सुलतानी काळातल्या फारसी कागदांत त्याला मुकादम म्हणतात. नाव कोणतंही असो, काम तेच होतं: जमीन लागवडीखाली ठेवायची, सारा वसूल करायचा, तंटे पंचांपुढे आणायचे आणि सरकारदरबारी गावाच्या वतीनं उभं राहायचं. शेजारी हिशेब लिहायला कुलकर्णी.

मोबदल्यात पाटलाला इनाम जमीन आणि रयतेकडून हक्काच्या बाबी मिळत. पण मराठी माणूस लढला तो मानपानासाठी. होळीची पहिली पूजा कोणाची, पोळ्याला वेशीतून आधी कोणाचे बैल निघणार, यावरून भावाभावांत वाद पेटत आणि गोतसभेत महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, लिहिले जात. पाटीलकी हे वतन होतं. ते वारशानं मिळे, भावांत वाटलं जाई, अडचणीत निम्मं किंवा पाव विकतासुद्धा येई. विकत घेणाराही पाटीलच म्हणवला जाई. दिल्लीच्या राजकारणाची सूत्रं हाती आलेल्या महादजी शिंद्यांनाही आपल्या कण्हेरखेडच्या पाटीलकीचा अभिमान होता. ते स्वतःला पाटील म्हणवून घेत.

पदाचं आडनाव होणं ही काही फक्त आपल्याकडची रीत नाही. स्कॉटलंडमध्ये बाराव्या शतकात वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन हा राजवाड्याचा मुख्य कारभारी, म्हणजे ‘स्ट्यूअर्ड’ झाला. पद वंशपरंपरेनं चाललं, वंशजांनी तेच आडनाव केलं आणि 1371 मध्ये या स्ट्यूअर्ट घराण्यातला रॉबर्ट दुसरा राजा झाला. स्कॉटलंडच्या त्या राजघराण्यामागे कारभारीपद एकच होतं. महाराष्ट्रात मात्र जितकी गावं तितके पाटील, आणि एकेका पाटीलकीला अनेक हिस्सेदार. म्हणून हे आडनाव मराठा, आगरी, कोळी, लेवा, जैन, लिंगायत अशा अनेक समाजांत सापडतं. दोन पाटील एकमेकांचे कोणी लागतीलच असं नाही. पाटलांच्या मुलीचं लग्न पाटलांच्याच मुलाशी होतं, कारण आडनाव एक असलं तरी कूळ वेगळं असतं.

पेशवाई बुडाल्यावर गावकारभाराच्या या व्यवस्थेची बारकाईनं नोंद केली ती एका स्कॉटिश माणसानं. माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टननं 1819 च्या अहवालात पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्या जोरावर चालणारं गाव सविस्तर मांडलं. त्याचं स्वतःचं आडनाव एडिंबरोच्या पूर्वेकडच्या एका जमिनीवरून पडलेलं. इंग्रज अमलात शाळेच्या दाखल्यावर आणि जमिनीच्या दप्तरात माणसाच्या नावापुढे आडनाव लिहिलं जाऊ लागलं. ज्यांच्या घरात पाटीलकी होती, त्यांचं मूळ आडनाव पुष्कळदा मागे पडलं आणि पाटील हेच कायम झालं. हा तोटाच म्हणायचा, कारण त्या जुन्या नावांत कुळाचा किंवा मूळ गावाचा माग असे.

1962 च्या कायद्यानं वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपवली. 1 जानेवारी 1963 पासून तो अमलात आला. 1967 च्या कायद्याखालचा पोलीस पाटील नेमणुकीचा असतो. आज कितीतरी गावांत स्त्रिया हे काम करतात आणि त्यांचं आडनाव कोणतंही असतं.

रबाळ्याच्या पट्ट्यात पदामागोमाग जमीनही गेली. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडातल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्याविरुद्ध शेतकऱ्यांचं नेतृत्व केलं तेही एका पाटलांनीच, जासईच्या दि. बा. पाटील यांनी. जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. त्या भूखंडासाठी जुन्या सातबाऱ्यावरच्या खातेदाराशी नातं सिद्ध करावं लागतं, आणि एकाच गावात पाटील अनेक असले, की नुसत्या आडनावानं भागत नाही. बापाचं, आजोबांचं नाव आणि वारस दाखला पुढे ठेवावा लागतो.