कोम्प्रोमात

कोम्प्रोमात : एखाद्या व्यक्तीची बदनामी करण्यासाठी अथवा तिला धाकात ठेवून इष्ट ते करवून घेण्यासाठी जमविलेली कागदपत्रे, छायाचित्रे वा ध्वनिचित्रफिती. ‘प्रतिष्ठेस बाध आणणारे साहित्य’ या अर्थाच्या दोन रशियन शब्दांचा हा संक्षेप असून तो स्टालिनकालीन गुप्त पोलिसांच्या परिभाषेतून आला.

सोव्हिएट काळात के.जी.बी. ही गुप्तचर संस्था परकीय वकिलातींतील व्यक्तींविरुद्ध या तंत्राचा वापर करी. मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीतील लिपिक जॉन व्हॅसल यांची समलिंगी संबंधांची छायाचित्रे घेण्यात आली. असे संबंध तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा असल्याने ते हेरगिरीस प्रवृत्त झाले. १९६२ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. याउलट अमेरिकन पत्रकार जोसेफ ॲल्सॉप यांनी १९५७ मध्ये अशाच सापळ्याची हकिकत स्वतःच्या सरकारला कळविल्याने तो निष्फळ ठरला. बळीला वाटणारी गौप्यस्फोटाची भीती हाच या तंत्राचा आधार होय.

१९९१ नंतर गुप्तचर खात्यातील अनेक अधिकारी खाजगी सुरक्षासंस्थांत गेले आणि कोम्प्रोमात ही विक्रेय वस्तू बनली. उपराष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र रुत्स्कोई यांनी १९९३ मध्ये शासनातील भ्रष्टाचाराच्या पुराव्यांच्या ११ पेट्या आपल्याजवळ असल्याचे जाहीर केले. न्यायमंत्री व्हालेंतिन कोव्हाल्योव्ह यांना स्नानगृहातील छायाचित्रांच्या प्रसिद्धीनंतर १९९७ मध्ये पद गमवावे लागले. क्रेमलिनमधील भ्रष्टाचाराची चौकशी करणारे महाअभियोक्ता यूरी स्कुरातोव्ह यांच्यासारख्या दिसणाऱ्या व्यक्तीची चित्रफीत मार्च १९९९ मध्ये शासकीय दूरचित्रवाणीने दाखविली. ती प्राथमिक तपासणीत खरी ठरल्याचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख व्लादिमिर पुतिन यांनी सांगितले. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तीनदा विरोध करूनही २००० मध्ये स्कुरातोव्ह पदच्युत झाले.

अल्योना लेदेन्योव्हा यांनी या साहित्याचे राजकीय, आर्थिक, गुन्हेगारी व खाजगी असे चार प्रकार मानले आहेत. प्रसिद्ध केलेल्या साहित्यापेक्षा राखून ठेवलेले साहित्य अधिक परिणामकारक असते. कारण प्रसिद्धीबरोबर धाक संपतो. ज्या व्यवस्थेत कायदा निवडकपणे लागू होतो, तेथे जवळजवळ प्रत्येक अधिकाऱ्याचे काही ना काही वर्म वरिष्ठांच्या हाती असते. परिणामी कलंकित मनुष्य आज्ञाधारक म्हणून सोयीचा, तर निष्कलंक मनुष्य अविश्वसनीय ठरतो.

माहिती खरी, अर्धसत्य वा बनावट असू शकते. न्यायालयीन पडताळणीपूर्वीच तिचा उद्देश साध्य होतो. विरोधी नेते मिखाइल कास्यानोव्ह यांच्या खाजगी जीवनाची चित्रफीत २०१६ च्या संसदीय निवडणुकीपूर्वी प्रक्षेपित झाली, तेव्हा त्यांच्या पक्षात फूट पडली. खरा भ्रष्टाचारही उघड करणे हे अशा वातावरणात केवळ सत्तास्पर्धेतील डावपेच मानले जाते. सत्यावरील लोकांचा विश्वास उडणे हा या प्रथेचा सर्वांत गंभीर परिणाम होय.