पाय रोवून पुढे झुकणारा टाइप

स्लॅब सेरिफ टाइप जन्मला तोच ओरडण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भिंती जाहिरातींनी भरू लागल्या, तेव्हा पुस्तकांची नाजूक अक्षरे तिथे टिकेनात. मग व्हिन्सेंट फिगिन्ससारख्या टाइप ओतणाऱ्यांनी अक्षरांच्या टोकांना निमुळत्या रेघांऐवजी जाडजूड आडव्या पट्ट्या बसवल्या; त्याच स्लॅब सेरिफ. 1845 मध्ये रॉबर्ट बेझली यांच्या फाउंड्रीतून क्लॅरेंडन हा याच जातीचा टाइप आला. तो साध्या मजकुरात शब्द उठून दिसावा म्हणून, विशेषतः शब्दकोशांत, वापरला गेला.

आपला नायक त्यानंतरचा: मोनोटाइप कंपनीने 1934 मध्ये इंग्लंडमध्ये काढलेला रॉकवेल. काम फ्रँक हिनमन पियरपाँट यांच्या देखरेखीखाली झाले. वळण भूमितीचे, ‘ओ’ जवळजवळ गोल, रेघांची जाडी बहुतेक सारखी आणि कॅपिटल ‘ए’च्या शेंड्यावरसुद्धा पट्टी. या घराण्यातला बोल्ड इटालिक मला सर्वांत मजेदार वाटतो. कबड्डीत चढाईला निघालेल्या गड्यासारखा तो पुढे झुकतो, पण पाय जमिनीला सपाट चिकटलेले.

या विसंगतीतच त्याचा स्वभाव आहे आणि त्याची अडचणही. दांडा कलतो, पट्टी आडवीच राहते. त्यामुळे पायाशी उजवीकडचा आणि डोक्याशी डावीकडचा कोन अरुंद होतो. आधीच जाड असलेल्या अक्षरात तिथे पांढरी जागा उरत नाही. शिशाच्या छपाईत शाई नेमकी तिथेच साचायची. गोल अक्षरांचे दुखणे वेगळे. ‘ओ’ नुसता तिरका ओढला, तर त्याची वरची उजवी आणि खालची डावी बाजू फुगते, उरलेल्या दोन बाजू बाळसे हरवतात. ते हाताने सुधारावे लागते. टाइप काढणाऱ्याचे कसब तिथे कळते.

मग हा वापरायचा कुठे? खेळाडूंच्या जर्सीवर, सेलच्या फलकावर, मासिकाच्या दोन-तीन शब्दांच्या मथळ्यात. जिथे वजन आणि वेग एकदम हवेत, तिथे त्याला तोड नाही. परिच्छेदभर मात्र लावू नये. चौथ्या ओळीला डोळे शिणतात. लग्नपत्रिकेवर तर नकोच. अन् शेजारी साधा, हलका टाइप असेल तरच त्याचा जोर जाणवतो. सगळेच ठळक नि तिरके केले, तर काहीच उठून दिसत नाही.

देवनागरीत शिरोरेषा असल्याने सगळा हिशेब निराळा. आपल्याकडे मुळात इटालिकची परंपराच नाही. संगणकावर मराठी शब्द तिरके दिसतात, ते पुष्कळदा नुसते ओढलेले असतात.

रॉकवेलमध्येही अक्षरे अशी नुसती ओढली जाण्याचा धोका आहे. त्याच्या बोल्डला खरा इटालिक आहे, एक्स्ट्रा बोल्डला नाही. वर्डमध्ये एक्स्ट्रा बोल्ड निवडून तिरक्याचे बटण दाबलेत, तर संगणक अक्षरे स्वतःच वाकवतो. मथळा छापायला देण्यापूर्वी तो मोठा करून त्यातला ‘ओ’ एकदा नीट पाहा.