थंड हवेतील भेंडीची पेरणी

भेंडी हे उष्ण हवेचे पीक होय. कडाक्याच्या थंडीत ते तग धरीत नाही. तरीही उत्तर भारतात हिवाळा सरताच शेतकरी भेंडी पेरण्याची घाई करतात; कारण हंगामातील पहिल्या तोड्याला बाजारात चांगला भाव येतो. ही घाई किती महाग पडते, हे पंजाबातील शिफारशींवरून दिसून येते.

तेथे जून-जुलैच्या पेरणीस एकरी 4 ते 6 किलो बियाणे पुरते. मार्चमध्ये 8 ते 10 किलो लागते, तर फेब्रुवारीच्या मध्यास 15 ते 18 किलो. जमीन तीच, पीक तेच. बियाणे मात्र तिप्पट! यात थंडीचा वाटा मोठा आहे. भेंडीच्या बियाचे कवच कठीण असते. जमीन 25 ते 35 अंश सेल्सियस उबदार असल्यास बी आठवड्याभरात उगवते. 17 अंशांखाली उगवण जवळजवळ थांबते. असे बी गार, ओल्या मातीत पडून राहते व बुरशीने कुजते. जे उगवते त्याचे झाडही लहान राहते.

यावर उपाय साधे आहेत. बियाणे पेरणीपूर्वी 24 तास पाण्यात भिजवावे. थंडीच्या दिवसांत सपाट वाफ्यात न पेरता वरंब्यावर, दक्षिणेकडील बगलेस टोकावे. तेथे ऊन अधिक लागते व पाणी साचत नाही. उगवण होईपर्यंत पाणी बेताचे द्यावे. परसबागेपुरती रोपे लहान पिशव्यांत, उबदार जागी वाढवावीत. दोन-तीन पाने फुटताच मातीच्या गोळ्यासह लावावीत. कारण भेंडीचे सोटमूळ दुखावल्यास रोप सावरत नाही.

आपल्याकडे नाशिक व खानदेश भागांत जानेवारीच्या उन्हाळी पेरणीस हाच धडा लागू पडतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सकाळी दोन इंच खोलीवर मातीचे तापमान मोजून शेतकऱ्यांस दाखवावे. ते 20 अंशांखाली असेल, तर आठ-दहा दिवस थांबण्याचा सल्ला द्यावा. ऊब आल्यावर पेरलेले बी जोमाने वाढते आणि गारठ्यात पेरलेल्या पिकास बहुधा गाठते. गाठले नाही, तरी बियाण्याचे पैसे वाचतात व शेतात नांगे पडत नाहीत. पेरणीचा मुहूर्त पंचांगात नव्हे, मातीच्या उबेत पाहावा.